चाचांचं पातेलं आणि ब्रुनोसाहेबांचा पाव

आमच्या घरचं मटण घराबाहेर शिजायचं. आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळं तिच्या चुलीला, पळीला, अगदी मिठाच्या बरणीलासुद्धा मटणाचा वारा लागलेला तिला चालत नसे. मागच्या अंगणात कुंपणाच्या कडेला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीन दगडांची वेगळी चूल मांडली होती. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक पातेलं, एक काळा तवा आणि वाकडं उलथणं एवढा संसार तिथं बारा महिने उघड्यावर पडलेला असे. रविवारी आबा तिथं उकिडवे बसून स्वतःच्या हातानं मटण करायचे. आई मागचं दार लावून घ्यायची, खिडकी मात्र उघडी ठेवायची आणि आतून विचारायची, "मीठ एकदाच घातलंत ना?" तिला मिठाची काळजी नव्हती, आबांची होती. तिचा हा भरवसा न ठेवण्याचा गुण माझ्यात पुरेपूर उतरला. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचा वास घ्यायचा, ही माझी लहानपणापासूनची खोड. आता थेरगावात मुलाकडे राहते, ऐंशी पार केली, तरी ती गेलेली नाही. सून म्हणते, आई, तुम्ही प्रसादाचासुद्धा वास घेता. घेते. प्रसादाचा शिरा काही देव करत नाही, माणसंच करतात.

आम्ही राहायचो त्या चाळीच्या दुसऱ्या टोकाला इस्माईलचाचांची खोली होती. पिंपरीचा कारखाना तेव्हा अजून उभा राहत होता, निम्म्या शेडवर पत्रे चढायचे होते, आणि कुठकुठली माणसं पोटासाठी तिथं येऊन त्या चाळींत एकमेकांची शेजारी झाली होती. आबा कराडकडचे, फिटर. चाचा चिपळूणकडचे, वेल्डर. दोघं एकाच शिफ्टला एकाच सायकलवरून जायचे आणि वाटेत भांडत यायचे. रविवारचं मटण दोन्ही घरांचं मिळून होई. हलाल पाहिजे म्हणून मटण चाचा आणत, वाटण खैरूनचाची देत, शिजवायचं काम आबांचं. आणि ते शिजायचं चाचांच्या पातेल्यात. तांब्याचं, जाड बुडाचं, आतून कल्हई केलेलं ते पातेलं चाचीच्या लग्नात आलेलं होतं. काठावर ठोके मारून चाचांचं नाव घातलेलं होतं. मटण झालं की निम्मं आमच्या जर्मनच्या पातेल्यात काढायचं आणि तांब्याचं धुऊन त्यांच्या खुंटीवर पोचवायचं, असा रिवाज. आईनं ते पातेलं कधी हातात घेतलं नाही, पण चाची आजारी पडली तेव्हा त्यांच्या दारात भाताचा डबा रोज तिनंच ठेवला होता. तिची शिवाशिव तिच्या परीची होती, तिचं गणित मला कधी नीट कळलं नाही.

एके वर्षी कारखान्याचा बॉयलर बसवायला इटलीहून ब्रुनोसाहेब आले. लालबुंद चेहरा, सुटलेलं पोट, आणि बोलण्यात तोंडापेक्षा हात जास्त. आबा त्यांच्या हाताखाली होते. गेस्ट हाऊसच्या उकडलेल्या बटाट्यांना साहेब इतके कंटाळले होते की एके दिवशी त्यांनी ड्रॉइंगच्या कागदावर बॉयलरऐवजी डुक्कर काढलं. डुकराच्या मांसाची गुंडाळी करायची, आत लसूण, मिरी आणि बडीशेप भरायची, मंद आगीवर चार-पाच तास भाजायची. मग गरमगरम कापून कडक पावात घालायची, सोबत कडू पालेभाजी, आणि वरून त्याच मांसाचा गळलेला रस. तो रस सगळ्यात महत्त्वाचा, रस नसेल तर पाव कुत्र्याला घाला, असं साहेब म्हणत. त्यांच्या गावी रविवारी त्यांची आई असं करायची. हे सांगताना साहेबांचे डोळे भरले, आणि आबा म्हणाले, "करू की साहेब. आपल्या अंगणात करू."

आमच्यात रानडुक्कर म्हणजे शिकार, ते मानानं खाल्लं जातं. गावात हिंडणारं डुक्कर मात्र कोणी खाल्लं तर त्याच्या हातचं पाणीही कोणी घेणार नाही. तेव्हा आबांनी निघोज्याच्या एका ओळखीच्या शिकाऱ्याला रानडुकराचं सांगून ठेवलं. शनिवारी तो कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेला मोठा तुकडा घेऊन आला. त्याला दोन बोटं चरबी होती. रानात पळणाऱ्या जनावराला एवढी चरबी कुठून येते, असं मी विचारलं. शिकारी माझ्याकडं न बघता पायातला काटा काढत बसला. "उसात बसून खाल्लंय त्यानं," आबा म्हणाले, "माजलं व्हतं. तू वास घिऊ नगंस सगळ्याचा." शेजारच्या गुळवेकाकू कुंपणाशी उभ्या होत्या. "ऊस खाणारं डुक्कर आमच्या पुण्यात पाहिलं नाही हो," असं म्हणून त्या आत गेल्या आणि तासाभरात ती चरबी अख्ख्या चाळीला ठाऊक झाली.

भाजायला भट्टी हवी होती. आबांनी एक रिकामा ड्रम कापून त्याची भट्टी केली, आणि रस गोळा करायला पत्र्याचा ट्रे. ट्रेच्या कोपऱ्यांना वेल्डिंगच पाहिजे होतं. चाचांनी ते पाच मिनिटांत करून दिलं असतं, पण डुकराच्या ट्रेला त्यांचा हात कसा लावायचा, म्हणून आबांनी पत्रा दुमडून रिबिटा ठोकल्या. फिटरनं वेल्डरचं काम केलं, ते फिटरसारखंच झालं.

चाचांचं पातेलं त्या आठवड्यात आमच्याच अंगणात राहिलं होतं. चाची सांगवीला बहिणीकडे गेली होती आणि ते पोचवायचं राहून गेलं होतं. शनिवारी संध्याकाळी आबांनी ते घासून चुलीपासून लांब धुण्याच्या दगडावर पालथं घातलं, वर गोणपाट टाकलं आणि चाचांना बोलावून दाखवलं.

"इस्माईलभाई, उद्या हितं काय हाय ते तुमाला ठावं हाय. तुमच्या भांड्याला त्याचा वाराबी लागायचा न्हाई. माझा शब्द हाय."

"तुम्ही सांगितलंत, झालं," चाचा म्हणाले. "पाव मी बेकरीतून आणून देईन. पावाला काय, मैदा तो."

आबा माझ्याकडं वळले. "शालू, गोणपाटाखाली हात घालायचा न्हाई."

मी मान हलवली. तेरा वर्षांची होते, आणि आपल्याला मुद्दाम बजावलं जातंय याचा मला रागच आला होता.

रविवारी सकाळपासून ब्रुनोसाहेब स्टुलावर बसून होते. त्यांनी आमचे मसाल्याचे डबे एकेक करून हुंगले आणि बडीशेपेशी येऊन थांबले. एवढ्या माणसांत माझ्यासारखे वास घेणारे तेच एक, त्यामुळं ते मला आवडायला लागले. सुतळीनं बांधलेली गुंडाळी ड्रममध्ये लटकली, खाली ट्रे, त्याखाली निखारे. "स्लो, स्लो," साहेब म्हणत आणि आबा एकेक निखारा बाजूला सारत. लसूण, बडीशेप आणि चरबीचा वास चाळभर सुटला. कडू भाजी म्हणून आईनं मेथी निवडायला घेतली होती. मेथी तिच्या चुलीवर शिजून खिडकीतून बाहेर जाणार होती, पुढं ती कशाबरोबर खाल्ली जाते याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

दुपारी साहेब गेस्ट हाऊसवर चीजचा तुकडा आणायला गेले. खुर्च्या आणायच्या म्हणून आबा त्यांच्याबरोबर गेले. जाताना म्हणाले, "निखाऱ्यांकडं ध्यान दे." ते कोपऱ्यावरून वळतात न वळतात तोच सर्र असा आवाज झाला. ट्रेचा एक कोपरा सुटला होता. रस निखाऱ्यांवर गळायला लागला आणि जाळ थेट मांसापर्यंत चढला.

"जळतंय का गं काही?" आईनं खिडकीतून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे. बहुतेक मला एकटीवर सोपवलेलं काम एकटीनंच निभवायचं होतं.

मी धुण्याच्या दगडावरचं गोणपाट ओढलं, बादलीत बुडवलं आणि जाळावर मारलं. जाळ बसला, पण रस गळतच होता. तीन दगडांच्या चुलीवर जर्मनच्या पातेल्यात काठोकाठ पाणी उकळत होतं, ते मला उचलेना. ब्रुनोसाहेबांची आई आणि तो रस, एवढंच डोक्यात होतं. दगडावर, उघडं पडलेलं, चाचांचं पातेलं होतं. मी ते उचललं आणि सुटलेल्या कोपऱ्याखाली सरकवलं. तांब्यात पहिला थेंब पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दोन वाट्या तरी रस जमला असेल. तोवर जर्मनच्या पातेल्यातलं पाणी मी लोट्यानं उपसून काढलं आणि रस त्यात ओतला. ट्रेखालीही आता तेच ठेवलं. मग चाचांचं पातेलं राखेनं आणि काथ्यानं तीनदा घासलं, होतं तसं पालथं घातलं आणि वर ते ओलं गोणपाट टाकलं. वास घेऊन पाहिला. काही कळेना, कारण माझ्या हातांनाच बडीशेपेचा वास येत होता.

आबा आणि साहेब परतले, मांस बाहेर निघालं, ट्रे कुंपणाला टेकवून ठेवला. "कोपरा गळत होता, मी खाली पातेलं लावलं," मी म्हणाले. "शानी हाईस," म्हणून आबांनी पाठ थोपटली. कुठलं पातेलं, हे त्यांनी विचारलं नाही. समोर जर्मनचं होतंच. इतक्यात चाचा पाव घेऊन आले. आत न येता कुंपणावरूनच त्यांनी पिशवी दिली. तिथं ते क्षणभर थांबले. ट्रेकडं पाहिलं, दगडावरच्या गोणपाटाकडं पाहिलं, मग उगाच सायकलची घंटी वाजवून निघून गेले.

पाव मात्र काय झाला होता. साहेबांनी कातडीसकट पातळ काप काढले, पावात रचले, वर आईची मेथी, साबणाच्या वडीसारखं दिसणारं ते चीज किसून, आणि शेवटी पळीभर रस. पाव आतून भिजला, वरून कडकच राहिला. पहिल्या घासाला साहेब रडले आणि लाजले नाहीत. गुळवेकाकू आतून दार लावून बसल्या होत्या, त्यांच्या यजमानांनी आमच्या अंगणात तीन खाल्ले. मीही खाल्ला. खोटं कशाला सांगू, तसं काही मी पुन्हा कधी खाल्लं नाही. जो तो रसाचं कौतुक करत होता, आणि मी दर वेळी दगडावरच्या गोणपाटाकडं बघत होते.

संध्याकाळी चाची परत आली आणि आबांनी पातेलं स्वतः तिच्या दारात नेऊन दिलं. तो सबंध आठवडा मी येताजाता त्यांच्या उघड्या दारातून खुंटीकडं बघायची. पातेलं तिथं होतं. येत्या रविवारी त्यात पुन्हा मटण शिजणार होतं. नळावर दोन बायका हळू बोलल्या की मला वाटे, माझ्याबद्दलच बोलतायत. बोलत होत्या, पण माझ्याबद्दल नाही. इस्माईल तिथं जेवला, पाव त्यानंच नेले, भांडंही त्याचंच होतं म्हणे, असं चाललं होतं. गुळवेकाकूंच्या चरबीला आता असे पाय फुटले होते. डुकरासाठी तिथून पाव गेले म्हणून बेकरीतला पाव घ्यायला दोन घरांनी नकार दिला.

शुक्रवारी दुपारी नमाजाहून परतताना बेकरीवाले सुलेमानशेट आणखी दोघांना घेऊन चाळीच्या नळापाशी आले. चाचा हातपाय धूत होते. मी घागर लावून उभी होते.

"इस्माईलभाई, लोग बोल रहे हैं," सुलेमानशेट म्हणाले. "तुम्ही तिथं खाल्लं का? तुमच्या भांड्यात झालं का ते? एकदा चारचौघांत सांगा. नाहीतर उद्यापासून तुमच्या पंगतीला कोण बसणार?"

चाचांनी हात पुसले. घाई केली नाही. "मी पाव पोचवले. कुंपणाच्या आत पाय ठेवला नाय. आणि भांडं माझ्या घरात खुंटीवर हाय, ते पाक हाय. अल्लाची शपथ."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तिथं बसला होता का?"

"सदाशिवरावांनी शब्द दिला होता," चाचा म्हणाले. सदाशिवराव म्हणजे आमचे आबा.

सुलेमानशेटनी मान डोलावली आणि चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. माझी घागर भरून वाहत होती. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस माझ्यामुळं, माझ्यादेखत, देवाची खोटी शपथ घेऊन बसला होता. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. आबांचा मार परवडला असता.

शनिवारी सकाळी चाचा ओव्हरटाइमला गेल्यावर मी चाचीकडं गेले. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, गोणपाटापासून नळापर्यंत. तिनं सूप खाली ठेवलं. मग खुंटीकडं पाहिलं. ती मला हाकलून देईल, असंच मला वाटत होतं.

"कशानं घासलंस गो?"

"राखेनं. तीनदा."

"मातीनं नाय?"

"नाही."

"आमच्यात सात पाणी लागतात. त्यातलं एक मातीचं." ती उठली. "चल, पाणी ओत."

मागच्या मोरीत ती बसली. कढीपत्त्याच्या झाडाखालची माती तिनं आधी पाण्यात कालवली आणि पातेल्याला आतून-बाहेरून अशी चोळली की जुनी कल्हई जागोजागी निघाली आणि खालचं लाल तांबं दिसायला लागलं. मग मी पाणी ओतत गेले आणि ती मोजत गेली. सात झाल्यावर तिनं पातेलं उन्हात धरलं, पुसलं, चुलीवर ठेवलं आणि त्यात मूठभर तांदळाची पेज टाकली. पेज झाल्यावर एका वाटीत घेऊन ती पाटावर बसली.

"चाची, आधी कोणाला तरी विचारा," मी म्हणाले. "चालतं का ते."

"कोणाला विचारू? विचारलं की त्यांची शपथ मोडली." तिनं बिस्मिल्ला म्हटलं आणि पहिला घास घेतला. शांतपणे वाटी संपवली. "शपथ काल घेतली, भांडं आज पाक झालं. मधल्या रात्रीचा जो काय गुन्हा असेल तो माझ्या पोटात गेला. आता तू गप्प ऱ्हायचं. तुझ्या आबांनी शब्द दिला, ह्यांनी शपथ घेतली. दोन्ही खरी ऱ्हाऊ देत."

मी रडायला लागले. तिनं दुसऱ्या वाटीत पेज ओतली आणि माझ्यापुढं सरकवली. "आईला सांगू नको हां, बाय," ती म्हणाली. मी ती पेज खाल्ली. मीठ कमी होतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे चाचा मटण आणि पातेलं घेऊन आले. आबांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "इस्माईलभाई, कल्हई कुठं गेली?"

"बायकोनं घासलंय," चाचा म्हणाले. मग ते कुंपणाला टेकवलेल्या ट्रेपाशी गेले, तो उचलला, सुटलेल्या कोपऱ्यातून बोट आरपार घालून पाहिलं. "पुढच्या वेळी हा माझ्याकडं आणा. रिबिटानं रस थांबत नाय."

"डुकराच्या ट्रेला हात लावा, असं तुमाला कसं म्हणू," आबा म्हणाले.

"लोखंड हाय ते. धुतलं की झालं." आणि ते कांदा चिरायला बसले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

तेव्हापासून एक संशय माझ्या मनात घर करून बसला आहे. ट्रेचा कोपरा सुटलाय, रस गळलाय, गोणपाट भिजलंय, हे चाचांना कधी कळलं? या दुसऱ्या रविवारी ट्रे हातात घेतल्यावर कळलं असेल, तर शुक्रवारी ते मनापासून खरं बोलले. पण आधीच्या रविवारीच, कुंपणापलीकडून, वेल्डरच्या नजरेनं त्यांनी सगळं ताडलं असेल, तर आबांचा शब्द राखण्यासाठी त्यांनी जाणूनबुजून शपथ घेतली. चाचीनं जे पोटात घातलं, ते त्याआधीच त्यांनी घातलं होतं. दोघांनी एकमेकांपासून लपवून.

महिन्याभरानं कल्हईवाला चाळीत आला. भाता चालला, नवसागराचा धूर झाला आणि पातेलं आतून पांढरंशुभ्र झालं. चाचा ते घेऊन आमच्या अंगणात आले. मी धुणं वाळत घालत होते. त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं.

"तू सगळ्याचा वास घेतेस ना गो," ते म्हणाले. "बघ, येतो काय कसला वास?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. मग पातेलं नाकाशी न नेता म्हटलं, "नाही, चाचा."